पार्श्वभूमी : टूलचे वर्णन, ‘सेफ’ हा शब्द आणि एआय एजंट

टूलसोबत त्याचे दोषही लिहून द्यायची रीत जुनी आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये निघालेल्या युनिक्स या संगणक-प्रणालीच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये ‘बग्ज’ असा स्वतंत्र मथळा होता. कमांड कुठे दगा देते, ते लिहिणाऱ्यानेच तिथे कबूल करायचे. ते पान वाचणारा माणूस होता. मजकूर अपुरा वाटला तर तो शेजारच्याला विचारायचा, निदान एंटर दाबताना घुटमळायचा.

आज टूलचे वर्णन एआय एजंट, म्हणजे माणसाच्या वतीने स्वतःच टूल चालवणारा प्रोग्रामही वाचतो. टूल ‘सेफ’ आहे की नाही हे त्याला कसे सांगायचे आणि त्या सांगण्यावर किती विसंबायचे, हा आजचा वाद. त्याचे मूळ मात्र वेबमध्ये आहे. ब्राउझर आणि वेबसाइट ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीच्या १.० आवृत्तीच्या १९९६ मधल्या दस्तऐवजात एक संकेत नोंदवला गेला: ‘गेट’ विनंतीने माहिती फक्त आणावी, काही घडवून आणू नये. अशा विनंत्यांना ‘सेफ’ म्हटले गेले. पुढच्या आवृत्तीत ‘आयडेम्पोटंट’ हा शब्द सोबतीला आला. त्याचा अर्थ, एकदा पाठवा की दहादा, शेवटची स्थिती तीच. काढून टाकणारी ‘डिलीट’ विनंती आयडेम्पोटंट आहे, पण सेफ नाही. काढलेली फाइल पुन्हा काढल्याने आणखी काही बिघडत नाही, पण जे बिघडायचे ते पहिल्याच वेळी बिघडलेले असते. माहिती पाठवणाऱ्या ‘पोस्ट’ विनंतीला यातली एकही हमी नाही. ऑनलाइन पैसे भरताना ‘रिफ्रेश करू नका, बॅक दाबू नका’ ही सूचना आपण वर्षानुवर्षे वाचतो, ती त्यामुळेच.

मराठीत हा गुंता वाढतो. सेफ आणि सिक्युअर, दोन्हींना आपण ‘सुरक्षित’च म्हणतो. पासवर्डच्या आड, एन्क्रिप्टेड जोडणीवर चालणारे टूल सुरक्षित आणि काहीही न बदलता नुसते वाचणारे टूलही सुरक्षित. पहिल्या अर्थाने सुरक्षित असलेले टूल अख्खा डेटाबेस पुसू शकते. टूलचे वर्णन मराठीत लिहिताना हा शब्द सरळ टाळावा. ‘फक्त वाचते’, ‘बदल करते’, ‘केलेले परत फिरवता येत नाही’ असे लिहिले की घोटाळाच उरत नाही.

मे २००५ मध्ये हा संकेत चांगलाच कसाला लागला. वेब वेगवान करणारे एक टूल आले होते. वापरकर्त्याने लिंक दाबायच्या आधीच ते पाने आणून ठेवायचे. काही वेब ॲप्समध्ये ‘काढून टाका’ ही साधी लिंक होती, म्हणजे गेट विनंती. टूलने तीही उघडली आणि लोकांच्या नोंदी पुसल्या गेल्या. दोष कुणाचा, यावर खडाजंगी झाली. नियम ॲपवाल्यांनी मोडला होता, हे खरे. पण लॉग-इन केलेल्या माणसाच्या नावाने त्याला न विचारता लिंका उघडत जाणे हा त्याहून मोठा धोका होता, आणि एजंटच्या बाबतीत तोच आज पुन्हा समोर आहे.

२०११ नंतर एपीआयचे, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून काम करून घ्यायच्या सोयीचे, वर्णन यंत्राला वाचता येईल अशा साच्यात लिहिण्याची पद्धत रुळली. जून २०२३ मध्ये एका मोठ्या एपीआयमध्ये भाषा-मॉडेलला टूलचे नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला पुरवायची माहिती) देण्याची सोय आली, आणि वर्णनाचे वजन एकदम वाढले. मॉडेलला सहसा टूलचा कोड दिसत नाही. कोणते टूल कधी चालवायचे, ते या चार ओळींवरून ठरते. ‘ऑर्डर रद्द करते’ एवढेच लिहिले, तर पैसे लगेच परत जातात, रद्द झालेली ऑर्डर पुन्हा चालू होत नाही, उत्तर आले नाही तर आधी स्थिती तपासायची असते, हे त्याला कुठून कळणार?

नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी हा एआय मॉडेलला बाहेरची टूल्स जोडून देणारा प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेला नियमसंच, खुला झाला. मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूलला चार खुणा जोडता येऊ लागल्या: फक्त वाचते का, नासधूस करू शकते का, आयडेम्पोटंट आहे का, बाहेरच्या जगाशी बोलते का. चारही नावांच्या शेवटी ‘हिंट’ आहे, आणि वाद आहे तो या शब्दावर. हिंट म्हणजे हमी नव्हे. टूल पुरवणारा सर्व्हर विश्वासातला नसेल तर या खुणांवर भिस्त ठेवू नये, असे प्रोटोकॉलच सांगतो. मग त्यांचा उपयोग काय, असे टीकाकार विचारतात. माझ्या मते नाव प्रामाणिक आहे, आणि चर्चा व्हायला हवी ती गृहीतकांची. खूण भरलीच नसेल तर टूल बदल करते, नासधूस करू शकते, पुन्हा चालवल्यास पुन्हा परिणाम होतो आणि बाहेरही बोलते, असे धरले जाते. २००५ च्या त्या टूलने न सांगितलेले निरुपद्रवी मानले होते. इथे ते उलटे केले आहे, आणि ते योग्यच केले.

खुद्द वर्णनाचाच शस्त्रासारखा वापर एप्रिल २०२५ मध्ये दाखवला गेला. टूल दोन संख्यांची बेरीज करणारे. त्याच्या वर्णनात मात्र मॉडेलसाठी सूचना लपवलेली होती: आधी वापरकर्त्याची खासगी की (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) असलेली फाइल वाच आणि तिचा मजकूर एका जादा पॅरामीटरमधून पाठव. परवानगी मागणाऱ्या चौकटीत माणसाला टूलचे नाव आणि आखूड केलेली माहिती दिसली, फाइलचा मजकूर दिसला नाही. वर्णन आधी सरळ ठेवून मंजुरी मिळाल्यावर बदलता येते, हेही त्याच सुमारास दाखवले गेले. मंजूर झालेल्या वर्णनाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, जपून ठेवायचा आणि अक्षर जरी बदलले तरी टूल थांबवून माणसाला पुन्हा विचारायचे, हा उपाय तेव्हापासून सुचवला जातो.