लेनी ब्रूस : खटले टिकले नाहीत, कारकीर्द मात्र बुडाली

स्टँडअप आणि कायदा यांच्या भांडणाचा विषय निघाला की लेनी ब्रूसचं नाव येतंच. शिव्या दिल्या म्हणून तुरुंगात गेलेला विनोदवीर, अशी त्याची लोकांच्या मनात ओळख आहे. प्रत्यक्षात अश्लीलतेच्या शिक्षेपोटी त्याने एक दिवसही तुरुंग भोगला नाही. सॅन फ्रान्सिस्कोत तो निर्दोष सुटला, लॉस एंजेलिसच्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही, शिकागोची शिक्षा अपिलात रद्द झाली आणि न्यूयॉर्कची शिक्षा सुरू होण्याआधीच तो वारला. तरीही शेवटच्या दोन वर्षांत त्याला जवळपास कुठेही काम मिळत नव्हतं. हे कसं झालं ते समजायला निकालपत्रांइतकेच क्लबांचे परवानेही पाहावे लागतात.

मूळ नाव लिओनार्ड आल्फ्रेड श्नायडर. जन्म 13 ऑक्टोबर 1925, न्यूयॉर्कजवळच्या मिनिओला गावी. आई सॅली मार स्वतः रंगमंचावर नकला करणारी. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता, यूएसएस ब्रुकलिन या युद्धनौकेवर. परतल्यावर 1940च्या दशकाअखेरीस आर्थर गॉडफ्रेच्या ‘टॅलेंट स्काउट्स’ कार्यक्रमात झळकला, पण तेव्हाचा त्याचा मालमसाला नेहमीचाच होता : नट्यांच्या, नटांच्या, परदेशी उच्चारांच्या नकला. यातून पुढे काय येणार आहे याचा अंदाज कुणालाही आला नसता.

1951 साली मायामीत त्याला पाद्र्याच्या वेशात वर्गणी गोळा करताना पकडलं. ब्रिटिश गयानातल्या कुष्ठरोग्यांसाठी ही वर्गणी होती आणि त्यासाठी त्याने ‘ब्रदर मथायस फाउंडेशन’ नावाची संस्था रीतसर नोंदवली होती. नोंदणी पक्की असल्याने तो सुटला. त्याच्याच आत्मचरित्रात हिशेब आहे : तीन आठवड्यांत सुमारे 8,000 डॉलर जमले, त्यातले 2,500 कुष्ठरोग्यांना पोचले. बाकीचे कुठे गेले हे सांगायला नको. पुढे ‘रिलिजन्स इनकॉर्पोरेटेड’ या त्याच्या गाजलेल्या तुकड्यात धर्मगुरू विक्री प्रतिनिधींसारखे सभेला बसून धंद्याचे आकडे मांडतात. तो धंदा त्याने आतून पाहिलेला होता.

खरी घडण झाली लॉस एंजेलिसच्या स्ट्रिप क्लबांत. तिथे लोक नर्तकींसाठी आलेले असत, दोन नाचांमध्ये येणाऱ्या निवेदकाकडे कुणाचं लक्ष नसे. मग तो मागे बसलेल्या वादकांना हसवायला बोलू लागला. तयार चुटके गेले. जॅझच्या वादकांसारखं एक सूत्र धरायचं, त्याला फाटे फोडायचे, मध्येच यिडिश (युरोपातल्या ज्यूंची भाषा) शब्द, मध्येच दोन पात्रांचा संवाद, आणि फिरून मूळ जागी यायचं. ही पद्धत पुढे त्याच्यावर उलटली, कारण अशा बोलण्यातला एक शब्द वेगळा काढून कागदावर लिहिला की तो नुसता शब्दच उरतो.

1958पासून फँटसी रेकॉर्ड्सने त्याच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. 1959मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याच्यासारख्यांना ‘सिक’, म्हणजे विकृत, विनोदवीर म्हणून एका गटात टाकलं, आणि त्यानेही ते लेबल आनंदाने मिरवलं. 4 फेब्रुवारी 1961च्या मध्यरात्री, न्यूयॉर्क बर्फाच्या वादळात गोठलेलं असताना, कार्नेगी हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम झाला. त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्याला कोर्टकचेरीतूनच ओळखणाऱ्यांनी आधी ते ऐकावं. तो किती हलका, चपळ आणि प्रेक्षकांशी किती लगट करणारा होता, ते त्यात कळतं.

त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅझ वर्कशॉप या क्लबमध्ये मुखमैथुनावरून आलेली एक शिवी उच्चारल्याबद्दल त्याला अटक झाली. फिर्यादी पक्षापुढची अडचण इथेच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1957च्या रॉथ निकालानुसार अश्लीलतेची कसोटी अशी होती : सर्वसाधारण माणसाने समकालीन समाजाच्या मापाने पाहिलं तर एकूण सादरीकरणाचा मुख्य रोख विकृत कामवासना चाळवण्याकडे आहे का? शिवी ओंगळ असेल, पण ती ऐकून कुणाची वासना चाळवत नाही. वकील अल्बर्ट बेंडिच यांनी नेमकं हेच धरलं. न्यायाधीश होते क्लेटन हॉर्न. ॲलन गिन्सबर्गच्या ‘हाउल’ या कवितेवरचा 1957चा खटलाही त्यांच्यापुढेच चालला होता. त्यांनी ज्युरीला कायदा इतका काटेकोर समजावला की मार्च 1962मध्ये ज्युरीने त्याला नाराजीनेच सोडलं.

पण पोलिसांना हत्यार सापडलं होतं आणि त्यासाठी दोषसिद्धीची गरज नव्हती. 5 डिसेंबर 1962ला शिकागोच्या गेट ऑफ हॉर्न या क्लबमध्ये कार्यक्रम चालू असताना पोलिसांनी त्याला मंचावरून उतरवलं आणि प्रेक्षकांची ओळखपत्रं तपासली. ओळखपत्र दाखवायला नकार दिल्याने प्रेक्षकांतल्या जॉर्ज कार्लिन या तरुण विनोदवीरालाही गाडीत घातलं. त्यानंतरच्या दिवसांत एक पोलीस अधिकारी क्लबच्या व्यवस्थापकाला भेटला. हा माणूस पुन्हा धर्माबद्दल बोलला तर तुमच्यासह सगळ्यांना आत घालीन, असं त्याने बजावलं. आरोपपत्र अश्लीलतेचं होतं, दम मात्र धर्मावरून दिला गेला. क्लबचा दारूचा परवाना निलंबित झाला. नाइटक्लब तिकिटांपेक्षा दारूवर चालतो. परवाना गेला की भाडं, नोकर, वादक सगळंच थांबतं. बाकीच्या शहरांतल्या मालकांनी यातून घ्यायचा तो बोध घेतला. ब्रूस कॅलिफोर्नियात असताना त्याच्या गैरहजेरीतच त्याला एक वर्ष कैद आणि 1,000 डॉलर दंड ठोठावण्यात आला.

सप्टेंबर 1962मध्ये सिडनीत पहिल्या कार्यक्रमानंतरच त्याच्यावर बंदीची पाळी आली होती. एप्रिल 1963मध्ये ब्रिटनने त्याला देशात पाऊलच ठेवू दिलं नाही.

न्यूयॉर्कचा खटला सगळ्यांत मोठा. 1964च्या वसंतात तो ग्रिनिच व्हिलेजमधल्या कॅफे ओ गो गो या क्लबमध्ये कार्यक्रम करत होता. परवाना खात्याचा निरीक्षक हर्बर्ट रूए प्रेक्षकांत बसून टिपणं काढत होता. हा पूर्वी सीआयएत काम केलेला माणूस. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ब्रूसला अटक झाली आणि क्लबचा मालक हॉवर्ड सॉलोमनलाही आरोपी केलं. लावलेलं कलम होतं 1140-अ : तरुणांची ‘वा इतरांची’ नीती बिघडवणारे अश्लील, असभ्य, अनैतिक प्रयोग. ‘वा इतरांची’ म्हटल्यावर कोण सुटणार?

खटला 16 जून 1964ला सुरू झाला. ज्युरी नव्हती, तीन न्यायाधीश होते. रूएने साक्षीच्या पिंजऱ्यातून आपल्या टिपणांवरून कार्यक्रम म्हणून दाखवला. विरामांशिवाय, आवाजांच्या बदलाशिवाय, सपाट सुरात. एखादा तुकडा पाच मिनिटं हळूहळू चढत जाऊन एका शब्दावर फुटत असेल, तर टिपणात फक्त तो शब्द येतो. हा माणूस मंचावर आपटतोय आणि त्याची शिक्षा मला होणार, अशा अर्थाचं ब्रूस बोलला. मला इथे कार्यक्रम करून दाखवू द्या, अशी विनवणीही त्याने न्यायाधीशांना केली. परवानगी मिळाली नाही.

बचावाला एफ्रम लंडन आणि मार्टिन गार्बस हे उत्तम वकील होते. स्तंभलेखिका डोरोथी किलगॅलन हिच्यासारखी कॅथलिक, परंपरेतली बाई त्याच्या बाजूने साक्षीला उभी राहिली. नॉर्मन मेलर, जेम्स बाल्डविन, बॉब डिलन, वुडी ॲलन यांच्या सह्यांचं निवेदन निघालं. लंडन यांचा डाव सरळ होता : इथे हरलो तरी अपिलात जिंकू. ब्रूसला ते पटेना. त्याला आजच, याच न्यायाधीशांकडून, समजून घ्यायला हवं होतं. त्याने वकील काढून टाकले आणि शिक्षेच्या सुनावणीत स्वतःच बोलला. त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत महागात पडलेला निर्णय बहुधा हाच.

खटला सुरू होऊन सहाच दिवस झाले होते, तेव्हा 22 जूनला सर्वोच्च न्यायालयाचा जॅकोबेलिस निकाल आला. ज्यात काहीएक सामाजिक महत्त्व आहे ते अश्लील म्हणून दडपता येणार नाही, असा त्याचा रोख. त्यामुळे इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने आपलाच आधीचा निर्णय मागे घेतला आणि 24 नोव्हेंबरला शिकागोची शिक्षा रद्द केली. न्यूयॉर्कच्या पीठाने मात्र वीस दिवस आधी, 4 नोव्हेंबरला, दोनास एक मताने त्याला दोषी ठरवलं होतं. 21 डिसेंबरला चार महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. अपिलापर्यंत तो जामिनावर राहिला. तिथल्या सरकारी वकिलांपैकी व्हिन्सेंट कुचिया यांनी नंतर कबूल केलं की आम्ही कायदा वापरून त्याला मारलं.

त्यात अतिशयोक्ती आहे, कारण हेरॉइन आणि मॉर्फिनचं व्यसन जुनं होतं. पण काम बंद, वकिलांची देणी, आणि दिवसरात्र कायद्याची पुस्तकं. मंचावर तो खटल्याचे उतारे वाचून दाखवू लागला. प्रेक्षक उठून जाऊ लागले. विनोदाच्या अंगाने पाहिलं तर ते कार्यक्रम खरंच कंटाळवाणे होते. ऑक्टोबर 1965मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. 25 जून 1966ला सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात शेवटचा कार्यक्रम झाला आणि 3 ऑगस्टला, चाळिसाव्या वर्षी, हॉलीवूडच्या घरी मॉर्फिनच्या अतिसेवनाने त्याचा मृत्यू झाला.

सॉलोमनने अपील नेटाने लढवलं. 1968मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली. त्याच खटल्यातल्या, त्याच कार्यक्रमाबद्दलच्या ब्रूसच्या शिक्षेवर मात्र अपील पुरं झालेलं नव्हतं, म्हणून ती कागदोपत्री तशीच राहिली. 23 डिसेंबर 2003ला गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी त्याला माफी दिली. न्यूयॉर्क राज्याने दिलेली ती पहिलीच मरणोत्तर माफी.