एचआयव्हीसह जगणारे कर्मचारी आणि नोकरीतील भेदभाव (भारत)

एचआयव्हीची लागण झाली आहे, किंवा तशी शंका आहे, एवढ्यावरून एखाद्याला नोकरी नाकारणे, कामावरून काढणे, बढती अडवणे किंवा कामाच्या जागी वेगळे पाडणे म्हणजे नोकरीतील भेदभाव. भारतात एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ ने त्याला मनाई केली आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यांतले सर्वाधिक, सुमारे ३.९४ लाख, महाराष्ट्रात होते. यांतले बहुतेक कमावत्या वयाचे आहेत. त्यामुळे गोळ्यांच्या खालोखाल त्यांच्या जगण्याचा प्रश्न नोकरीचाच असतो.

भेदभावाला वैद्यकीय आधार नाही. शेजारी बसून काम केल्याने, एका डब्यात जेवल्याने, एकच स्वच्छतागृह वापरल्याने किंवा हस्तांदोलनाने हा विषाणू पसरत नाही. सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधे मिळू लागली. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके खाली आले, की लैंगिक संबंधांतूनही लागण होत नाही आणि माणूस वर्षानुवर्षे पूर्ण क्षमतेने काम करू शकतो. रुग्णालयात सुई टोचण्याचा धोका खरा असतो, पण त्यावर उपाय हातमोजे, सुयांची नीट विल्हेवाट आणि ७२ तासांच्या आत सुरू करायची प्रतिबंधक औषधे हा आहे. ही साधने आणि प्रशिक्षण पुरवणे कायद्याने मालकाचे काम आहे. सहकाऱ्याला घरी बसवून हा धोका टळत नाही.

कायदा येण्याआधीचा काळ कठोर होता. फेब्रुवारी १९८९ मध्ये गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानानंतरच्या तपासणीत लागण आढळली म्हणून, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ताब्यात घेऊन म्हापशाजवळ ६४ दिवस एकटे ठेवले गेले. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, पण न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. पुढे डिसोझा यांच्या पुढाकाराने गोव्यात ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी राहिली. १९९२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

त्याच उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या खटल्यात वेगळी वाट धरली. दाद मागणारा माणूस एका सार्वजनिक महामंडळात रोजंदारीवर हमालीचे काम करत होता. कायम करण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत त्याला लागण असल्याचे दिसले. बाकी तब्येत कामाला योग्य होती, तरी त्याचे काम बंद झाले. न्यायालयाने त्याला खरे नाव न लावता लढू दिले, आणि तेवढ्यानेच पुढच्या अनेकांसाठी न्यायालयाचे दार उघडले, कारण नाव फुटण्याच्या भीतीने लोक तिथवर पोहोचतच नव्हते. निकाल स्पष्ट होता: माणूस ते काम करू शकत असेल आणि त्याच्यामुळे इतरांना ठळक धोका नसेल, तर केवळ लागण आहे म्हणून त्याला नोकरी नाकारणे हे राज्यघटनेच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांचा भंग आहे. आज ना उद्या आजारी पडेल या भीतीने सरकारी महामंडळाने माणसाला आर्थिक मृत्यूच्या दारात ढकलू नये, असे न्यायालयाने बजावले. त्याला पुन्हा रोजंदारी कामगारांच्या यादीत घ्यायला आणि बुडालेल्या कमाईपोटी भरपाई द्यायला सांगितले. घटनेतले हे हक्क मात्र मुख्यतः सरकार आणि सरकारी संस्थांविरुद्ध चालतात. खासगी कारखान्यातला कामगार अजून उघडाच होता.

ती उणीव २०१७ च्या कायद्याने भरून काढली. ‘आस्थापना’ या शब्दात कंपन्या, सहकारी संस्था आणि संघटित काम करणारी इतर मंडळे येतात, म्हणजे साखर कारखाना, पतसंस्था, खासगी शाळा, नर्सिंग होम हे सगळे. संरक्षण केवळ लागण झालेल्यांना नाही. अशा व्यक्तीसोबत राहणाऱ्या किंवा पूर्वी राहिलेल्या माणसालाही ते आहे. नवऱ्याच्या आजाराची कुणकुण लागल्यावर ज्या बायकांना धुणीभांडी करण्याच्या घरांतून किंवा कारखान्यातून काढले गेले, त्यांचा विचार या व्याख्येत आहे.

कामावरून काढण्याची वाट कायद्याने अरुंद केली आहे. मालकाला दोन लेखी कागद द्यावे लागतात. पहिला, स्वतंत्र आणि पात्र आरोग्यतज्ज्ञाचा अहवाल, की या व्यक्तीमुळे कामाच्या जागी लागण पसरण्याचा ठळक धोका आहे किंवा ती काम करण्यास असमर्थ आहे. दुसरा, कामात थोडेफार बदल करून तिला सामावून घेणे आपल्याला प्रशासकीय किंवा आर्थिकदृष्ट्या का झेपत नाही, याचे मालकाचे निवेदन. हे निवेदन दिले नाही, तर तशी अडचण नव्हतीच असे कायदा गृहीत धरतो. रात्रपाळीऐवजी दिवसपाळी, जड ओझ्याऐवजी हलके काम, एआरटी केंद्रात जायला महिन्यातून अर्धा दिवस, एवढ्याने बहुतेकांचे काम भागते.

कागदाची ही सक्ती हाच कायद्याचा मुख्य आधार, आणि नेमकी तीच चुकवली जाते. काढून टाकल्याचे पत्र हल्ली क्वचितच कोणी देते. साहेब केबिनमध्ये बोलावतात, “तुमच्याच भल्यासाठी सांगतो” असे म्हणत छापील राजीनामा पुढे सरकवतात, आणि गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून माणूस सही करतो. सहीनंतर कागदोपत्री भेदभाव उरत नाही, उरतो तो स्वेच्छा राजीनामा. या नोंदीच्या लेखकाच्या मते हाच आजचा सर्वांत मोठा अन्याय आहे, आणि अशी सही दबावाखाली झाली का, हे तक्रार निवारणाच्या प्रत्येक पायरीवर आधी तपासले गेले पाहिजे.

भीतीचे मूळ गुप्तता फुटण्यात आहे. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही, आणि समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. तरी रुजू होताना रक्ताची एकच बाटली भरून घेतली जाते आणि प्रयोगशाळेचा अहवाल उमेदवाराआधी कार्यालयात पोहोचतो. गटविम्याचा दावाही अनेक ठिकाणी मनुष्यबळ विभागाच्या टेबलावरून जातो, बिलावर औषधांची नावे असतात, आणि दुपारपर्यंत ही बातमी कँटीनमध्ये पोहोचते. कायद्यानुसार अशा नोंदी आस्थापनेने सुरक्षित ठेवल्या पाहिजेत. आपली स्थिती उघड करण्याची सक्ती कर्मचाऱ्यावर नाही. अपवाद न्यायालयाच्या आदेशाचा.

शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत, आणि वीस किंवा अधिक माणसांच्या रुग्णालयासारख्या संस्थेत, तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्यावरची पायरी राज्य सरकारने नेमलेल्या ओम्बड्समनची, म्हणजे अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची. त्याने ३० दिवसांत आदेश द्यायचा असतो. तो मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत, आणि पुढेही मोडत राहिल्यास दिवसाला पाच हजार रुपयांपर्यंत दंड होतो. पीडितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षे कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खटला टोपणनावाने किंवा बंद दालनात चालवता येतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलातील एका कर्मचाऱ्याला, लष्करी रुग्णालयात दिलेल्या रक्तातून लागण झाल्याबद्दल, सुमारे १.५४ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे खटले प्राधान्याने चालवावेत आणि त्यांची नावे गुप्त ठेवावीत, असे निर्देशही सर्व न्यायालयांना आणि न्यायाधिकरणांना दिले.

औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अल्प उत्पन्न असलेले यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. सल्ल्यासाठी १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. नेमणूकपत्र, हजेरी, पगारपावत्या आणि वरिष्ठांचे संदेश जपून ठेवलेले असले, तर तक्रार उभी राहते. राजीनाम्यावर दबाव आला, तर त्याच दिवशी ईमेलने किंवा पोचपावतीच्या टपालाने तसे लेखी कळवून ठेवावे.