पंख तारांना टांगलेले नव्हते

जुन्या दुपंखी (एकावर एक दोन पंखांच्या) विमानाचा फोटो दिसला की कुणीतरी सांगतंच: "पंख कमकुवत, म्हणून तारांनी वरून टांगलेत." हे खरं आहे, पण विमान जमिनीवर उभं असेपर्यंतच.

हवेत गणित उलटतं. लिफ्ट, म्हणजे हवेचा उचलणारा जोर, पंखांना वर ढकलते, त्यामुळे आता त्यांना खाली ओढून धरावं लागतं. ते काम खालच्या पंखाच्या मुळापासून तिरक्या निघून वरच्या पंखाच्या बाहेरच्या बाजूला पोहोचणाऱ्या 'फ्लाइंग वायर' करतात. उलट्या तिरप्या 'लँडिंग वायर' तेव्हा जवळपास निवांत असतात. तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून दोन्ही दिशांना तारा आणि दाब सोसायला मधले लाकडी खांब. १९०९ च्या एकपंखी 'ब्लेरिओ' विमानातही उडताना भार पंखाखालच्या तारांवरच असे.

याला जुगाड म्हणणं तर अन्यायच. ही रचना पुलांच्या प्रॅट ट्रसची, म्हणजे उभ्या खांबांच्या आणि तिरक्या ताणांच्या सांगाड्याची. रेल्वे अभियंता ऑक्टेव्ह शनूट यांनी १८९६ च्या ग्लायडरमध्ये ती वापरली आणि राइट बंधूंनी तिथूनच उचलली.

तारांचा खरा दोष वेगळा. दिसायला बारीक असली तरी गोल तार हवेला भलताच अडथळा करते. तिच्या कित्येक पट जाड, पण माशासारख्या निमुळत्या खांबाइतका! म्हणूनच ब्रिटनमध्ये चपट्या 'राफवायर' आल्या. जर्मनीत युंकर्सचं धातूचं जे १ हे विमान १९१५ मध्येच बाहेरच्या तारांशिवाय उडालं होतं, तरी तारांची दुपंखी विमानं पुढे बरीच वर्षं बनत राहिली.