अतिविचाराची पार्श्वभूमी: चरकापासून हरारेच्या बाकापर्यंत

ओव्हरथिंकिंग हा शब्द आता कॉलेजच्या कट्ट्यापासून ऑफिसच्या कॅन्टीनपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. मात्र ओव्हरथिंकिंग नावाचा आजार मानसोपचाराच्या कोणत्याही अधिकृत यादीत नाही. यादीत नैराश्य आहे, चिंताविकार आहे, मंत्रचळ आहे, आणि या प्रत्येकात तेच ते विचार मनात घोळत राहणं आहे. मग हे घोळवणं म्हणजे आजाराचं लक्षण, की आजार वाढवणारं कारण? डॉक्टरांनी ते बराच काळ नुसतं लक्षण मानलं. मूळ आजार बरा झाला की विचारही आपोआप थांबतील, अशी समजूत होती. ती गेल्या चाळीसेक वर्षांत बदलली. कशी बदलली ते सांगायला हवं, कारण आपल्या घरांमध्ये अजूनही एकच सल्ला दिला जातो, "जास्त विचार करू नकोस." विचारांनी डोकं भणभणलेल्या माणसाला या सल्ल्याचा उपयोग का होत नाही, याचं उत्तर या इतिहासात आहे.

अतिविचाराकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहणारी एक जुनी नोंद आपल्याच वैद्यकात सापडते. चरकसंहितेच्या विमानस्थानात, पाचव्या अध्यायात, शरीरातली वेगवेगळी स्रोतसं, म्हणजे वाहून नेणारे मार्ग, कशामुळे बिघडतात ते सांगितलं आहे. रसवह, म्हणजे अन्नरस वाहून नेणाऱ्या, स्रोतसांबाबत कारणं दिली आहेत ती अशी: जड, थंड, फार स्निग्ध अन्न प्रमाणाबाहेर खाणं, आणि 'चिन्त्यानां चातिचिन्तनात्', म्हणजे चिंतनाच्या विषयांचं अतिचिंतन. मला ही नोंद फार मोलाची वाटते. मनाच्या चंचलपणाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. गीतेत अर्जुन मनाला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड म्हणतो, समर्थांनी तर २०५ श्लोक मनालाच उद्देशून लिहिले. पण तिथे विषय साधनेचा आणि आचरणाचा आहे. वैद्य मात्र अतिचिंतनाला अपथ्याच्या शेजारी बसवतो. त्यात दोष देणं नाही, दुबळेपणाचा शिक्का नाही.

युरोपातही हा विषय जुना आहे. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट बर्टन यांनी १६२१ मध्ये विषण्णतेवर प्रचंड ग्रंथ लिहिला आणि त्याच्या अखेरीस सल्ला दिला की एकटे राहू नका आणि रिकामे राहू नका. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बिअर्ड या अमेरिकन डॉक्टरांनी मज्जातंतूंच्या थकव्याची कल्पना मांडली. त्याला कारणीभूत म्हणून त्यांनी वाफेची इंजिनं, तारायंत्र आणि वर्तमानपत्रं यांच्याकडे बोट दाखवलं. आज मोबाइलवर येणारा ठपका त्या काळी तारायंत्रावर येत होता.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र हा विषय जणू दोन पंथांच्या मधल्या फटीत पडला. मनोविश्लेषकांना वरवरच्या विचारांपेक्षा त्यांच्या तळाशी दडलेल्या इच्छांमध्ये रस होता. वर्तनवाद्यांना जे डोळ्यांना दिसतं आणि मोजता येतं तेवढंच पुरेसं वाटत होतं. दिवसभर मनात चालणारी बडबड दोघांनीही बाजूला ठेवली. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी तिच्याकडे लक्ष दिलं. ते स्वतः मनोविश्लेषणाच्या परंपरेत शिकलेले होते. रुग्ण समोर बसून जे बोलतो त्याच्या बरोबरीने त्याच्या मनात स्वतःविषयी आणखी एक विचारांची माळ चालू असते आणि ती कुणी विचारल्याशिवाय बाहेर येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. या विचारांना त्यांनी आपोआप येणारे विचार म्हटलं. न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस हे त्याच सुमारास, खरं तर थोडं आधी, १९५५पासून वेगळ्या वाटेने तिथेच पोचले होते. घटनांमुळे नव्हे तर घटनांविषयीच्या समजुतींमुळे माणूस अस्वस्थ होतो, हा एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाचा विचार त्यांच्या पद्धतीच्या पायाशी होता.

एलिस यांची ही पद्धत मराठी समाजाला फार लवकर भेटली. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला, ती पद्धत आत्मसात केली आणि विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने इथे शिकवली. १९९०मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने ती मराठीतून सर्वसामान्य घरांपर्यंत नेली. परदेशी मानसोपचार आपल्या माणसांना लागू पडत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे काम जरूर पाहावं.

बेक आणि एलिस या दोघांचा भर विचारात काय आहे यावर होता. विचार चुकीचा असेल तर तो तपासायचा आणि बदलायचा. पण एखादा विचार चुकीचा नसूनही माणसाला पोखरू शकतो. मुलीचं लग्न, बापाचं आजारपण, डोक्यावरचं कर्ज या गोष्टी खऱ्याच असतात. प्रश्न त्या दिवसातून किती वेळा, किती तास आणि कोणत्या रीतीने मनात फिरतात हा आहे.

तो प्रश्न झोपेच्या अभ्यासातून पुढे आला. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत थॉमस बोर्कोवेक निद्रानाशावर काम करत होते. अंथरुणावर पडलं की डोक्यात विचारांची रांग लागते आणि ती थांबवता येत नाही, ही त्यांच्याकडे येणाऱ्या अनेकांची तक्रार होती. १९८३मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिंता करण्याच्या क्रियेलाच अभ्यासाचा विषय केलं. त्याच वर्षी त्यांनी एक साधा उपाय तपासला. चिंतेसाठी रोज ठरावीक जागी अर्ध्या तासाची वेळ राखायची आणि एरवी आलेली चिंता त्या वेळेवर ढकलायची. चिंता करणारा माणूस बहुधा चित्रांपेक्षा शब्दांत विचार करतो आणि त्यामुळे भीतीची तीव्र धग त्या क्षणी टळते, असं बोर्कोवेक यांनी पुढे मांडलं. म्हणूनच ही सवय सुटत नाही. तिच्यातून तात्पुरता का होईना, काही दिलासा मिळत असतो.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८०मध्ये सर्वसाधारण चिंताविकार प्रथम स्वतंत्रपणे आला, पण तेव्हा तो इतर कशातच न बसणाऱ्या रुग्णांसाठीचा उरलासुरला कप्पा होता. १९८७च्या आवृत्तीत सहा महिन्यांहून अधिक चालणारी अवास्तव चिंता हेच त्याचं मुख्य लक्षण ठरलं. १९९४मध्ये ती चिंता आवरणं कठीण जातं, या अटीची भर पडली.

भविष्याची चिंता अशी नोंदली गेली. झालेल्या गोष्टी आणि आताचं दुःख उगाळत बसणं, ज्याला मानसशास्त्रात रुमिनेशन म्हणतात, त्याचा अभ्यास सुसान नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने उभा केला. स्त्रियांमध्ये नैराश्याचं प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट का दिसतं, या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली. १९८७च्या लेखात त्यांनी मांडलं की मन खिन्न झाल्यावर माणूस काय करतो यावर ती खिन्नता किती टिकेल हे अवलंबून असतं. काही जण हाताला काम शोधतात. काही जण मला असं का होतंय, माझंच काय चुकलं, यात अडकून पडतात.

मग निसर्गानेच एक कठोर परीक्षा घेतली. नोलन-होक्सेमा तेव्हा स्टॅनफर्डला होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३७ विद्यार्थ्यांकडून त्यांची मनःस्थिती आणि खिन्नतेत वागण्याची रीत यांविषयीच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. त्यानंतर दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९च्या संध्याकाळी, उत्तर कॅलिफोर्नियाला लोमा प्रिएटा भूकंपाचा धक्का बसला. ६३ माणसं गेली. संशोधकांनी त्याच विद्यार्थ्यांना दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी गाठलं. ज्यांना आधीपासून कुढत बसण्याची सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर नैराश्याची आणि आघाताची लक्षणं जास्त दिसली. त्यांची आधीची मनःस्थिती हिशेबात धरूनही हा फरक उरला. भूकंपाच्या आधीची माहिती हाती असल्यामुळे, लोक दुःखी आहेत म्हणून उगाळत बसतात, एवढ्यावर आता भागवता येईना.

प्रयोगशाळेतले प्रयोगही बोलके होते. एका गटाला आठ मिनिटं स्वतःच्या भावनांचा, आपण असे का झालो याचा विचार करायला सांगायचं. दुसऱ्या गटाला आकाशात जमणाऱ्या ढगांचा किंवा मोनालिसाच्या चेहऱ्यावरच्या भावाचा. आधीच खिन्न असलेल्यांची खिन्नता पहिल्या कामाने वाढली, दुसऱ्याने कमी झाली. जे खिन्न नव्हते त्यांच्यावर फारसा परिणाम झाला नाही. स्वतःविषयी विचार करणं वाईट नाही. खिन्न मनाने केलेला तोच विचार मात्र वेगळ्या वाटेला जातो. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्याबरोबर १९९५मध्ये केलेल्या कामात दिसलं की खिन्न आणि उगाळत बसलेल्या माणसांना अडचणीवरचे उपायही कमी प्रतीचे सुचतात. आपण प्रश्नाच्या मुळाशी चाललो आहोत असं वाटत असतानाच उत्तर लांब गेलेलं असतं.

या सगळ्याला स्त्रियांचा स्वभाव म्हणून मोकळं होणं सोपं होतं. नोलन-होक्सेमा यांनी ते केलं नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या सुमारे १,१०० प्रौढांच्या अभ्यासात (१९९९) त्यांनी स्त्रियांवरचा रोजचा ताणही मोजला: कामाचा वाटा, नात्यात मिळणारी कमी किंमत, आयुष्य आपल्या हाती नसल्याची भावना. हा ताण उगाळण्याला खतपाणी घालतो आणि उगाळण्यामुळे तो ताण हटवण्याची ताकद खचते, असं चक्र त्यातून समोर आलं. या संशोधनाचा हा भाग सर्वांत कमी सांगितला जातो. घरातली सून "उगाच विचार करते" असं म्हणण्याआधी तिच्या हातात किती निर्णय आहेत हे विचारायला हवं. २००३मध्ये या गटाने आणखी एक भेद दाखवला. आपलं काय झालं ते समजून घेऊन पुढे जाणारं आत्मपरीक्षण वेगळं, आणि जे नाही त्याच्याशी स्वतःची तुलना करत कुढणं वेगळं. काळाच्या ओघात नैराश्याशी बांधलं गेलेलं होतं ते दुसरं. नोलन-होक्सेमा २०१३मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी गेल्या.

विचार दाबून टाकला तर? मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७मध्ये विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. अस्वल येतच राहिलं, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर जास्तच आलं. "जास्त विचार करू नकोस" या सल्ल्याचा दोष इथे उघड होतो. पुढच्या उपचारांनी म्हणून दाबण्याचा नाद सोडला. मँचेस्टरच्या एड्रियन वेल्स यांनी चिंतेबद्दलच्या समजुती तपासल्या. चिंता केली की संकट टळतं आणि ही चिंता मला वेडं करेल, या दोन्ही समजुती एकाच माणसात नांदतात. एक्झिटरच्या एडवर्ड वॉटकिन्स यांनी 'असं का' या अमूर्त प्रश्नाकडून 'आता नेमकं काय, कसं' या ठोस प्रश्नाकडे वळायला शिकवलं.

विद्यापीठांतली ही वाटचाल चालू असताना आफ्रिकेत त्याच गोष्टीची दुसरी बाजू समोर येत होती. मुंबईत वाढलेले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल १९९०च्या दशकात झिंबाब्वेची राजधानी हरारे इथे काम करत होते. तिथल्या दवाखान्यांत येणारे शोना भाषक आपल्या त्रासाला 'कुफुंगिसिसा' म्हणत, म्हणजे फार विचार करणं. त्यांच्या लेखी ते लक्षण होतं आणि कारणही. पटेल आणि सहकाऱ्यांनी स्थानिक लोकांच्या बोलण्यातून १४ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. तिचा पहिलाच प्रश्न गेल्या आठवड्यात तुम्ही खूप विचारांत बुडालेले होता का, असा आहे. कुफुंगिसिसाची नोंद २०१३मध्ये अमेरिकी निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत, संस्कृतीनुसार दुःख मांडण्याच्या रीतींमध्ये झाली. लॅबमध्ये जे सिद्ध करायला अनेक वर्षं लागली, ते गरीब वस्तीतल्या माणसांनी आपल्या भाषेत आधीच सांगून ठेवलं होतं.

हरारेच्याच म्बारे वस्तीत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६च्या सुमारास उपचार सुरू केले तेव्हा दवाखान्यात खोली नव्हती, मोकळी परिचारिका नव्हती. होत्या त्या वस्तीत काम करणाऱ्या १४ आज्या आणि बाहेर ठेवता येईल असं लाकडी बाक. आजी बाकावर शेजारी बसते, सगळं ऐकते आणि मग त्या गुंत्यातली एकच अडचण निवडून तिच्यावर काय करता येईल ते माणसाकडूनच काढून घेते. ५७३ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१६मध्ये आले. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांच्या गटात सुमारे ५० टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं होती, बाकावर बसलेल्यांत सुमारे १४ टक्के.

पटेल मधल्या काळात गोव्यात आले होते. १९९६मध्ये तिथे संगाथ ही संस्था सुरू झाली. सरकारी आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत डॉक्टर नसलेले प्रशिक्षित समुपदेशक नेमायचे, हा तिचा प्रयोग. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरकारी केंद्रांमध्ये समुपदेशक असलेल्या ठिकाणी सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले, नसलेल्या ठिकाणी सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत फरक दिसला नाही, हेही त्याच अहवालात नोंदलं आहे. पुढे तीव्र नैराश्य असलेल्यांसाठी सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम आखला गेला. त्यात मनातले विचार उकरण्यावर भर नव्हता. या आठवड्यात काय करायचं हे समुपदेशक आणि रुग्ण मिळून ठरवत, पुढच्या भेटीत ते झालं का आणि त्यानंतर कसं वाटलं ते पाहत, अडलं असेल तर ती अडचण सोडवत, आणि तुटलेले शेजारी-नातेवाईक पुन्हा जोडून देत. २०१७च्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांतल्या ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होतं.