गेममधली रोमन पलटण का हरते?

रोमन लीजनची, म्हणजे चारेक हजारांच्या पलटणीची, तिहेरी फळी पुस्तकात असते तशीच्या तशी एखाद्या स्ट्रॅटेजी गेममध्ये मांडून बघा. पुढे हस्ताती, त्यांच्यामागे प्रिंकिपेस, सगळ्यांत मागे त्रियारी. दोन तुकड्यांमध्ये मोकळी फट आणि त्या फटीच्या बरोबर मागे पाठच्या फळीतली तुकडी. समोरचा गडी आपलं सगळं सैन्य एकदम अंगावर घालतो आणि दहा मिनिटांत तुमचा फडशा पडतो. मग लोक दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: गेम बोगस आहे, नाहीतर रोमन लोकांचं उगाचच कौतुक झालंय. पण याच रचनेने रोमने इ.स.पू. तिसऱ्या आणि दुसऱ्या शतकात आधी कार्थेजला आणि मग मॅसिडोनियाला लोळवलं. तेव्हा दुसऱ्या निष्कर्षात काही दम नाही. पहिल्यात थोडा आहे, पण गोची नेमकी कुठे होते ते बघण्यासारखं आहे.

आधी रचना. रोममध्ये ओलीस म्हणून राहिलेला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने एका लीजनचा हिशोब दिला आहे: १२०० हस्ताती, १२०० प्रिंकिपेस, ६०० त्रियारी आणि उरलेले हलक्या शस्त्रांचे वेलिते, मिळून साधारण ४२००. प्रत्येक फळीच्या दहा तुकड्या, म्हणजे मॅनिपल. हस्तातींच्या मॅनिपलमध्ये १२० माणसं. ती २० रुंद आणि ६ खोल उभी केली आणि प्रत्येकाला तीन फूट जागा दिली, तर तुकडीची रुंदी ६० फूट, म्हणजे जेमतेम १८ मीटर होते. फटही तेवढीच धरायची. त्रियारी कसे थांबत ते रोमन इतिहासकार लिव्हीने लिहून ठेवलंय: निशाणाखाली गुडघ्यावर, डावा पाय पुढे ताणलेला, ढाल खांद्याला टेकलेली, भाला जमिनीत रोवून टोक वर तिरकं. पुढे मारामारी चालू आणि अनुभवी, वयाने मोठी माणसं अशी बसून!

गेमच्या दृष्टीने ही शुद्ध उधळपट्टी. का, ते एका इंग्रज इंजिनिअरने १९१४ सालीच मांडून ठेवलंय. फ्रेडरिक लँचेस्टर मोटारी बनवायचा आणि विमानांवर विचार करायचा. त्याने विचारलं, दोन सैन्यांतला प्रत्येक जण समोरच्या कोणावरही नेम धरू शकत असेल, तर कोण किती उरेल? उत्तर असं की सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा तुमचे १००० आणि शत्रूचेही १०००, पण शत्रू ५००-५०० करून येतो. पहिल्या ५०० ना संपवल्यावर तुमचे उरतात १००० च्या वर्गातून ५०० चा वर्ग वजा करून जे येईल त्याचं वर्गमूळ, म्हणजे ८६६. पुढच्या ५०० नंतर तेच गणित पुन्हा करा: ७०७. शत्रू साफ, आणि तुमचे सातशे जिवंत. राखीव फळी ठेवणं म्हणजे स्वतःहून आपल्या सैन्याचे तुकडे करून देणं.

पण लँचेस्टरचा दुसराही नियम आहे, आणि तो लोक विसरतात. तलवारीच्या लढाईत मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावरून मारू शकत नाही. जितकी रुंदी समोरासमोर भिडते, तितकेच लढतात. अशा वेळी वर्ग गळून पडतो आणि साधी वजाबाकी उरते: १००० मधून ५००, मग आणखी ५००, बाकी शून्य. बरोबरी. ‘एज ऑफ एम्पायर्स’सारख्या गेममध्ये सैनिक एकमेकांना वळसे घालून समोरच्याला घेरतात, म्हणून तिथे नकळत पहिलाच नियम लागू होतो आणि घोळका जिंकतो. गेमचा प्रोग्रॅमर वर्गाचं समीकरण कुठेच लिहीत नाही. सैनिकाला वाट शोधून रिकाम्या जागी शिरायला शिकवलं की ते समीकरण आपोआप येऊन बसतं.

म्हणजे दुसऱ्या नियमानेही राखीव फळीचा तोटा फक्त थांबतो. फायदा कुठून येतो? दमण्यातून आणि घाबरण्यातून.

जीव तोडून केलेल्या हालचालीसाठी स्नायूंमध्ये तयार असलेला इंधनसाठा काही सेकंदांचाच असतो. पुढची एक-दोन मिनिटं शरीर ऑक्सिजनची उधारी करून रेटतं, मग हात जड होतात. २०११ मध्ये लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी पंधराव्या शतकातल्या चिलखतांच्या प्रतिकृती घालून माणसांना ट्रेडमिलवर चालवलं, तेव्हा ऊर्जेचा खर्च दुपटीच्या वर गेला. रोमन चिलखत त्याहून बरंच हलकं होतं, पण ढाल मोठी होती. आणि लष्करी विषयांवर लिहिणारा रोमन लेखक वेजिशियस सांगतो की लढाईचा निकाल दोन-तीन तासांत लागतो. दोन मिनिटांत दमणारी माणसं तीन तास लढत कशी होती?

ब्रिटिश इतिहासकार फिलिप साबिन यांनी २००० साली याचं जे उत्तर मांडलं, ते मला सगळ्यांत पटतं. दोन्ही फळ्या बहुतेक वेळ काही मीटरच्या अंतरावर थांबलेल्या असणार. शिव्या, आरोळ्या, भालाफेक. मध्येच कुठेतरी एक गट पुढे घुसतो, काही क्षण चकमक होते, पुन्हा दोघे मागे. अशा विरामातच पुढची तुकडी मागे सरकू शकते आणि ताजी तुकडी फटीतून पुढे येऊ शकते. खो-खोमध्ये पळून दमलेला गडी खो देतो आणि बसलेला ताजा गडी उठतो, तसं हे. सगळ्यांनी एकदम पळून उपयोग नसतो.

फटींचंही कोडं इथेच सुटतं. गेममध्ये फट दिसली की शत्रूचा सैनिक घुसतो. खऱ्या माणसाला आत शिरायचं म्हणजे दोन्ही बाजूंना हस्ताती, समोर ताजे प्रिंकिपेस आणि आपले सोबती मागे राहिलेले. कोण शहाणा जाईल? लढाई भिडल्यावर फटी उघड्या राहत की मॅनिपलमधली मागची सेंच्युरी, म्हणजे अर्धी तुकडी, पुढे येऊन त्या बुजवत असे, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण उघड्या राहिल्या असतील, तर त्यांची राखण भीतीनेच केली असणार.

भीतीचा हिशोब आकड्यांतही दिसतो. ग्रीक नगरराज्यांच्या लढायांतली नुकसानी एका अभ्यासात मोजली गेली: जिंकणाऱ्यांचे सरासरी सुमारे ५ टक्के मेले, हरणाऱ्यांचे १४. म्हणजे ८५ टक्क्यांहून जास्त माणसं जिवंत असतानाच सैन्य हरत होतं. हेल्थ बार शून्यावर येईपर्यंत लढणारा सैनिक फक्त गेममध्ये सापडतो. आर्दां द्यू पिक नावाच्या फ्रेंच कर्नलने एकोणिसाव्या शतकात बजावलं होतं की पळापळ बऱ्याचदा मागून सुरू होते, कारण मागच्याला लढता येत नाही, फक्त ऐकू येतं. एकाच खोल घोळक्यात मागचे नुसते घाबरत राहतात. वेगळ्या फळीत, थोड्या अंतरावर ठेवले तर ती धास्ती त्यांच्यापर्यंत कमी पोचते. लिव्हीने केलेलं बसलेल्या त्रियारींचं वर्णन आता पुन्हा वाचा.

जाता जाता एक. रील्समध्ये फिरणारं दृश्य, सेंच्युरियन (सेंच्युरीचा अधिकारी) शिट्टी मारतो आणि पुढच्या रांगेतला प्रत्येक जण घड्याळाच्या ठोक्यावर मागे जातो, ते कोणत्याही प्राचीन ग्रंथात नाही. दिसायला झकास, पुरावा शून्य. आपल्याकडे चक्रव्यूहाची गरगर फिरणारी अ‍ॅनिमेशन बघून हात जोडणाऱ्यांनी हसू नये; हजारो माणसं गोल फिरवत ठेवायला लागणारा दम कोणाच्या पायात होता, हा प्रश्न तिथेही कोणी विचारत नाही.

‘टोटल वॉर’ मालिकेतल्या गेममध्ये थकवा आणि मनोधैर्य दोन्ही आहे, हे मान्य करायला हवं. तिथे गडबड वेळेची आहे. माणसं इतक्या झपाट्याने मरतात की फळी बदलायची वेळ येण्याआधीच निकाल लागतो. शिवाय भिडलेली तुकडी मागे बोलावली की ती सरळ पाठ फिरवते आणि पाठीवर वार खाते. गेममध्ये स्वतः फेरफार करणारी हौशी मॉडर मंडळी मारण्याचा वेग कमी करतात, हे योग्य दिशेने आहे. माझ्या मते तीन गोष्टी हव्यात: दर काही क्षणांनी दोन्ही बाजू आपसूक चार पावलं मागे सरणं, तोंड शत्रूकडे ठेवूनच माघार, आणि पाठीमागे ताजी फळी उभी असेल तर भीती सावकाश वाढणं.

नियम बरोबर आहेत का, हे तपासायला इ.स.पू. २०२ ची झामाची लढाई घ्या. रोमन सेनापती स्किपिओने तिथे मॅनिपल एकामागे एक सरळ उभे केले, म्हणजे कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचे ऐंशी हत्ती मधल्या गल्ल्यांतून निघून जावेत. पुढे जमीन रक्ताने निसरडी झाली आणि प्रेतांच्या राशींवरून रांग धरून चालणं अशक्य झालं, असं पॉलिबियस सांगतो. तेव्हा स्किपिओने पाठलागावर गेलेले हस्ताती कर्णा वाजवून परत बोलावले, जखमी मागे नेले आणि प्रिंकिपेस व त्रियारी दोन्ही बगलांना आणून सलग एक फळी केली. समोर हॅनिबलचे कसलेले सैनिक ताज्या दमाने उभे होते. तुमच्या गेममध्ये एवढा वेळ शत्रू थांबतो का? थांबत नसेल, तर विराम अजून जमलेला नाही. त्याच नियमांनी कॅनीची लढाई, म्हणजे हॅनिबलने केलेला रोमनांचा पराभवही, व्हायला हवी. इ.स.पू. २१६ मध्ये तिथे रोमनांनी मॅनिपल नेहमीपेक्षा दाट आणि रुंदीपेक्षा कितीतरी खोल उभे केले, फटी आवळल्या आणि घेरले गेल्यावर बदलायला जागाच उरली नाही.

अवघड परीक्षा मात्र किनोस्केफेलीची, इ.स.पू. १९७. रोमनांची उजवी बाजू जिंकत होती, डावी मार खात होती. तेव्हा एका ट्रिब्यूनने (लीजनमधल्या अधिकाऱ्याने), ज्याचं नाव पॉलिबियसने दिलेलं नाही, स्वतःच्या मर्जीने २० मॅनिपल उचलले आणि मॅसिडोनियन फॅलँक्सच्या, म्हणजे लांब भाल्यांच्या दाट फळीच्या, पाठीवर नेऊन घातले. सेनापतीला विचारायला वेळ नव्हता. हे गेममध्ये आणायचं तर हाताखालच्या अधिकाऱ्याला आपलं डोकं चालवू द्यावं लागेल, आणि खेळणारा वैतागून म्हणणार की माझी यूनिट माझं ऐकत नाहीत.