पैसा पोहोचला, पुढे काय? पर्यावरण करारांच्या प्रकल्पांचे मूल्यमापन कसे घडत गेले

आंतरराष्ट्रीय पर्यावरण करारांच्या मसुद्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटते. १९९२च्या हवामान बदल कराराच्या कलम ४(७)मध्ये ते आहे आणि त्याच वर्षीच्या जैवविविधता कराराच्या कलम २०(४)मध्येही. विकसनशील देश आपली बांधिलकी कितपत पाळू शकतील, हे विकसित देश पैसा आणि तंत्रज्ञान देण्याचे वचन कितपत पाळतात यावर अवलंबून राहील, असा त्याचा आशय. मूल्यमापनाचे पुढचे सगळे भांडण या एका वाक्यात दडलेले आहे. प्रकल्प फसला तर दोष कोणाचा? पैसा अपुरा आला, की आलेला पैसा नीट लागला नाही? देणारे एक उत्तर शोधतात, घेणारे दुसरे, आणि मूल्यमापकाचा अहवाल दोघांच्याही टेबलावर जाऊन पडतो.

आधीच्या पिढीतल्या करारांना हा पेच नव्हता. १९७२च्या स्टॉकहोम परिषदेनंतर संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम स्थापन झाला, १९७३मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावरचा करार झाला. बंधने साधारण सगळ्यांना सारखी होती आणि गरीब देशांना ती पाळण्यासाठी वेगळा निधी नव्हता. निधीच नव्हता, म्हणून हिशेबही कोणी मागत नव्हते.

चित्र पालटले ते ओझोनमुळे. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या वायूंना लगाम घालणारा १९८७चा माँट्रियल करार झाला तेव्हा भारत आणि चीन बाहेरच होते. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: वायू प्रामुख्याने श्रीमंत देशांनी सोडले, पर्यायी रसायनांचे पेटंट त्यांच्याच कंपन्यांकडे, मग कारखाने बदलण्याचा खर्च आम्ही का सोसायचा? जून १९९०च्या लंडन बैठकीत हा प्रश्न ऐरणीवर आला. भारताच्या वतीने तेव्हाच्या पर्यावरण राज्यमंत्री मेनका गांधी यांनी तो लावून धरला. तडजोड म्हणून बहुपक्षीय निधी उभा राहिला. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि हे दोन मोठे देश आत आले तर एकूण २४ कोटी. चीन १९९१मध्ये आला, भारत १९९२मध्ये. करार पाळण्यासाठीचा ‘वाढीव खर्च’ श्रीमंत देश उचलतील, हे तत्त्व तिथे पहिल्यांदा रोख रकमेत उतरले.

या निधीच्या प्रकल्पांचे मूल्यमापन त्या मानाने सोपे होते. फ्रीजचा कारखाना घ्या. फोम फुगवायला तो दरवर्षी किती सीएफसी (ओझोनला मारक असे वायू) वापरत होता, हे खरेदीच्या कागदांवरून कळे. नवी यंत्रे बसली, जुनी मोडीत काढली, तसा दाखला मिळाला की तेवढे टन बंद झाले असे धरायचे. १९९५मध्ये निधीच्या कार्यकारी समितीने उद्योगवार खर्चाच्या मर्यादाही ठरवून टाकल्या. घरगुती फ्रीजच्या कारखान्याला, बंद होणाऱ्या दर किलोमागे जास्तीत जास्त १३.७६ डॉलर. वेगवेगळ्या वायूंची ओझोनला घातकता एका मापात आणण्याची सोय करारातच होती, त्यामुळे बेरीज-वजाबाकी जमत असे. अंमलबजावणी करणाऱ्या संस्था चार: जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, पर्यावरण कार्यक्रम आणि औद्योगिक विकास संघटना. चौघींचे काम एकाच फुटपट्टीने मोजता येई. पर्यावरणाच्या क्षेत्रात असे भाग्य क्वचितच कुणाच्या वाट्याला येते. या निधीच्या यशाचे दाखले देणारे बहुतेक जण हे विसरतात.

मूल्यमापनाची पद्धत मात्र पर्यावरणवाल्यांनी शोधलेली नव्हती, ती उसनी आणलेली होती. रॉबर्ट मॅक्नमारा अध्यक्ष असताना १९७०मध्ये जागतिक बँकेने कामाच्या मूल्यमापनासाठी स्वतंत्र कक्ष काढला. त्याच सुमारास अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेने ‘लॉगफ्रेम’ नावाचा तक्ता रूढ केला. एका बाजूला उद्दिष्ट, फलित, कामे. दुसऱ्या बाजूला निर्देशक आणि पुरावा. १९९१मध्ये आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या मदत समितीने पाच कसोट्या पक्क्या केल्या: समर्पकता, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी प्रभाव आणि टिकाऊपणा. २०१९मध्ये त्यांत सुसंगतीची भर पडली. आज जगात कुठेही प्रकल्पाचा अहवाल उघडा, प्रकरणांची नावे साधारण हीच असतात.

पण हा साचा रस्ते, कालवे, शाळा यांच्यासाठी तयार झालेला होता. रस्ता झाला की दिसतो. एखाद्या देशाने जैवविविधता करार ‘अमलात आणला’, हे कशावर बोट ठेवून दाखवायचे?

हा प्रश्न पुढ्यात आला तो जागतिक पर्यावरण सुविधेच्या, म्हणजे जीईएफच्या निमित्ताने. सुमारे १ अब्ज डॉलरचा प्रायोगिक निधी म्हणून १९९१मध्ये ती सुरू झाली. सूत्रे जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांच्या हाती होती. वर्षभरात रिओची वसुंधरा परिषद झाली आणि नव्या करारांसाठी तयार असलेली हीच तिजोरी पुढे करण्यात आली. विकसनशील देशांना ती बँकेच्या सावलीत नको होती. देणगीदारांना दुसरी यंत्रणा उभारायची नव्हती. प्रायोगिक टप्प्याचे मूल्यमापन १९९३मध्ये झाले, आणि ते बऱ्यापैकी बोचरे निघाले: धोरण स्पष्ट होण्याआधीच प्रकल्प मंजूर करण्याची घाई झाली होती. १९९४मध्ये सुविधेची फेररचना झाली, देणारे आणि घेणारे दोघांनाही कारभारात वाटा मिळाला, निधी २ अब्ज डॉलरवर गेला. मूल्यमापनाच्या अहवालाने संस्थेची घडी बदलायला हातभार लावल्याची ही दुर्मीळ घटना. एरवी अहवाल येतात, ‘दखल घेतली’ असा ठराव होतो आणि कपाट बंद होते.

तेव्हापासून एक रिवाज पडला. दर चार वर्षांनी देणगीदार नव्या निधीसाठी बसणार, त्याआधी सुविधेच्या एकूण कामगिरीचा अभ्यास त्यांच्यापुढे ठेवला जाणार. हवामान कराराच्या कलम ११(४)नेही आर्थिक यंत्रणेचा आढावा घेण्याचे बंधन घातले आहे, म्हणजे तपासणी दोन्हीकडून होते. मूल्यमापन विभाग सुरुवातीला सचिवालयाचाच भाग होता. पेपर काढणारा आणि तपासणारा एकाच घरातला. २००३मध्ये तो वेगळा करून थेट नियामक मंडळाला जबाबदार केला गेला.

या कामात एक प्रकार असा आहे की त्यावर थोडे थांबायला हवे. करार पाळायचा म्हणजे आधी अहवाल द्यायचा: हरितवायूंची मोजदाद, जैवविविधतेचा आराखडा, घातक रसायनांची राष्ट्रीय योजना. लहान देशांकडे यासाठी माणसे नसतात, म्हणून ‘सक्षमीकरण उपक्रम’ या नावाखाली त्यांना पैसा मिळतो. अहवाल वेळेवर सादर झाला, की प्रकल्प यशस्वी. अनेकदा सल्लागार येतो, लिहून देतो, निघून जातो, आणि पुढच्या अहवालाच्या वेळी मंत्रालयात पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. कागदी घोडे नाचवणे म्हणून याला हसणे सोपे आहे. पण आपल्या देशातून किती वायू जातो हेच ज्या सरकारला ठाऊक नाही, ते धोरण कशाच्या आधारावर आखणार? मोजणी शिकवणे हे खरे काम आहे. ते मोजायची कसोटी मात्र चुकीची निवडली गेली: अहवाल आला की नाही एवढेच पाहिले गेले, तो लिहिता येणारी माणसे तिथे राहिली का हे सहसा कोणी विचारले नाही.

दुसरी खोच अधिक अवघड. प्रकल्प नसता तर काय झाले असते? वाढीव खर्चाची सगळी कल्पनाच या प्रश्नावर उभी आहे, तरी बरीच वर्षे त्याचे उत्तर अंदाजानेच दिले गेले. २००६मध्ये पॉल फेरारो आणि सुभ्रेंदु पटनायक यांनी एका गाजलेल्या लेखात सुनावले की निसर्गसंवर्धनावर एवढा खर्च होतो, पण त्याने नेमका काय फरक पडला हे तपासणारे अभ्यास मोजकेच आहेत. दोनच वर्षांनी फेरारो यांच्या गटाने कोस्टा रिकाच्या संरक्षित जंगलांचा हिशेब मांडला. ही जंगले मुळात चढावर, रस्त्यांपासून दूर. तिथे कुऱ्हाड तशीही उशिराच पोहोचली असती. तशाच पण संरक्षण नसलेल्या जमिनींशी तुलना केल्यावर दिसले की संरक्षण नसते तर त्यांतले साधारण १० टक्के जंगल गेले असते. नेहमीच्या पद्धतीने काढलेला आकडा यापेक्षा ६५ टक्क्यांहून अधिक फुगलेला होता. म्हणजे संरक्षण वाया गेले नव्हते, पण श्रेय बरेच वाढवून घेतले गेले होते.

‘नसते तर’ या आकड्यावर पैसा लटकवला की काय होते, याचा धडा क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेने दिला. शीतकरणात लागणारा एचसीएफसी-२२ तयार करताना एचएफसी-२३ हा उपवायू निघतो आणि त्या काळच्या मोजणीनुसार तो कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट तापमान वाढवतो. तो जाळून टाकला की कार्बन क्रेडिट, म्हणजे टाळलेल्या उत्सर्जनाची विकता येणारी प्रमाणपत्रे, मिळत. अभ्यासक मायकेल वारा यांनी २००७मध्ये दाखवले की जे काम १० कोटी युरोंपेक्षा कमी खर्चात थेट करता आले असते, त्यासाठी ४.७ अब्ज युरोंपर्यंतची क्रेडिट निघत होती. मूळ मालापेक्षा टाकाऊ वायू फायद्याचा ठरला, आणि क्रेडिटसाठी उत्पादन चढे ठेवल्याचा संशय बळावला. प्रत्येक टनाची रीतसर पडताळणी झालेली होती. मोजमाप अचूक, तुलनेचा पायाच वाकडा. अखेर युरोपीय संघाने २०१३पासून आपल्या बाजारात ही क्रेडिट घेणे थांबवले.

जीईएफच्या गुणपत्रिकांतही असाच एक विरोधाभास आहे. तिथे प्रकल्पांना सहा पायऱ्यांवर श्रेणी मिळते. वर्षानुवर्षे साधारण पाचपैकी चार प्रकल्प ‘समाधानकारक’ बाजूला असतात. फलित टिकेल का, या रकान्यात मात्र प्रमाण पाचपैकी तीनच्या आसपास घसरते. आणि २०२०च्या सप्टेंबरमध्ये जैवविविधता कराराच्या सचिवालयाने जाहीर केले की २०१०मध्ये ठरवलेल्या जैवविविधता रक्षणाच्या २० जागतिक उद्दिष्टांपैकी (‘आयची उद्दिष्टे’) एकही पूर्णपणे गाठले गेले नाही, सहा अंशतः साधली गेली. बहुतेक विद्यार्थी पास, शाळेचा निकाल शून्य. यात कुणी खोटे बोलत असेल असे नाही. प्रकल्प एका खोऱ्यात चालतो. शेतीची अनुदाने, खाणींचे परवाने, बाजारभाव बाकीचा देश ठरवतात. प्रकल्पाच्या अहवालात त्यांना ‘जोखीम आणि गृहीतके’ नावाचा एक रकाना मिळतो, बस्स.

ओझोनकडे तरी हा घोळ नव्हता, असे बराच काळ वाटत होते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस निधीने कारखानावार प्रकल्पांऐवजी देशपातळीवरचे करार करायला सुरुवात केली: दरवर्षी ठरलेली घट दाखवा, पडताळणी होऊ द्या, हप्ता घ्या. सीएफसीचे उत्पादन बंद करण्यासाठी १९९९मध्ये चीनला १५ कोटी डॉलर आणि भारताला ८.२ कोटी डॉलर मंजूर झाले. २०१०पासून विकसनशील देशांतही सीएफसी बंद झाले, प्रकल्प पूर्ण म्हणून नोंदले गेले.

मग मे २०१८मध्ये स्टीफन माँट्झ्का आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. हवेतल्या सीएफसी-११ची घट २०१२नंतर मंदावली होती. कुठून तरी वर्षाला अंदाजे १३,००० टन जादा वायू सुटत होता. पुढच्या वर्षी दक्षिण कोरियातील गोसान आणि जपानमधील हातेरुमा या केंद्रांच्या नोंदींवरून मॅट रिग्बी आणि इतरांनी त्यातला साधारण ७,००० टनांचा उगम पूर्व चीनमध्ये, मुख्यतः शानडोंग आणि हबेई प्रांतांभोवती, असल्याचे दाखवले. फोम उद्योगात बंदी असलेला वायू पुन्हा शिरला होता. चीनने कारवाई केली आणि २०२१च्या शोधनिबंधांनी उत्सर्जन पुन्हा खाली आल्याची नोंद केली.

कागदोपत्री पडताळणीतून हे निघाले नव्हते. तपासनीस बंद झालेल्या, नोंद असलेल्या कारखान्यांत जात होते. नवे, बिननोंदीचे कुठे उभे राहिले हे पाहणे त्यांच्या कामाच्या कक्षेतच नव्हते. प्रकल्प संपल्यावर लक्ष ठेवायचे कोणी आणि कोणाच्या पैशाने, यावर त्यानंतर सदस्य देशांच्या बैठकांत बरीच चर्चा झाली. जादा वायूपैकी उरलेला हिस्सा नेमका कुठून आला, हे मात्र ठरवता आले नाही. जगाच्या मोठ्या भागावरची हवा मोजणारी केंद्रे तेव्हा अस्तित्वातच नव्हती.