लाँगइयरब्येन ते नी-ऑलेसुंड : 110 किलोमीटरची पार्श्वभूमी

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या या दोन धावपट्ट्यांमधलं अंतर जेमतेम 110 किलोमीटर. डॉर्नियर 228 हे छोटं विमान ते वीस-पंचवीस मिनिटांत कापतं. गावं जोडणारा रस्ता इथं नाहीच. उन्हाळ्यात बोटीने जायचं तर अनेक तास जातात. हिवाळ्यात हिमनद्यांवरून स्नोस्कूटर, तीही हवामानाने परवानगी दिली तर.

गंमत अशी की नी-ऑलेसुंडहून माणूस उत्तर ध्रुवापर्यंत उडाला, तेव्हा स्वालबार्डवर विमानतळ नावालाही नव्हता. मे 1926 मध्ये आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले या मोहीमवीरांचं ‘नॉर्गे’ हे वायूच्या प्रचंड फुग्याने तरंगणारं हवाई जहाज इथून निघालं आणि ध्रुवावरून थेट अलास्कात जाऊन उतरलं. ते बांधून ठेवण्यासाठी उभारलेला लोखंडी मनोरा आजही गावाबाहेर उभा आहे. पण हे उड्डाण विक्रमासाठी होतं. गावात राहणाऱ्या कोळसा कामगारांच्या रोजच्या जगण्यात त्याने काडीचाही फरक पडला नाही.

लाँगइयरब्येनचं दुखणं वेगळं होतं. समुद्र गोठला की वसंतापर्यंत जहाज येत नसे. टपालही विमानातून खाली टाकावं लागे. 1959 मध्ये एका आजारी माणसाला हलवण्यासाठी हवाई दलाचं कॅटलिना विमान अ‍ॅडव्हेंट दरीतल्या गोठलेल्या जमिनीवर उतरलं. मग हिवाळ्यात तिथं अधूनमधून विमानं येऊ लागली. जमीन वितळली की सगळं बंद.

मग पक्का विमानतळ बांधायला 1975 साल का उजाडलं? बर्फापेक्षा राजकारण आडवं आलं, असं माझं मत. 1920 च्या स्वालबार्ड कराराने बेटांवर नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य केलं, पण लष्करी तळाला मनाई केली. नॉर्वे नाटोचा सदस्य आणि शेजारच्या बारेन्ट्सबुर्गला सोव्हिएत खाणी. धावपट्टी म्हणजे उद्याचा लढाऊ तळ, ही मॉस्कोची शंका. शेवटी विमानतळ नागरीच राहील आणि एरोफ्लोट या सोव्हिएत विमान कंपनीची माणसंही तिथं असतील, या अटींवर गाडं पुढे सरकलं. राजे पाचवे ओलाव यांनी सप्टेंबर 1975 मध्ये उद्घाटन केलं. कायम गोठलेल्या जमिनीवरच्या या धावपट्टीला खालची माती वितळू लागल्याने पुढे बरीच डागडुजी करावी लागली.

नी-ऑलेसुंडची वाट उलटी. 1962 च्या खाण स्फोटात 21 कामगार दगावले, सरकार कोसळलं, खाण कायमची बंद झाली. कोळसा गेला आणि संशोधक आले. खडीच्या धावपट्टीवर येणाऱ्या विमानातली जागा आजही गाव चालवणाऱ्या किंग्ज बे कंपनीमार्फतच मिळते. हौशी पर्यटकाला नाही.

या मार्गाने आपले शास्त्रज्ञही जातात. ब्रिटिश अमलाखालचा भारतही 1920 च्या त्या कराराचा भाग होता. 2008 मध्ये नी-ऑलेसुंडला ‘हिमाद्री’ हे भारताचं संशोधन केंद्र सुरू झालं. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडे. आणि डॉर्नियर 228 आपल्याकडे कानपूरला, एचएएलच्या कारखान्यातही बनतं. डिसेंबर 2023 पासून तर भारताची हिवाळी मोहीमही सुरू झाली, म्हणजे दिवसभर सूर्यच न उगवणाऱ्या काळातली.